खालची माणसं

पदकाच्या फितीचा एक धागा सुटला होता… जांभळा की पांढरा, हे नीट कळत नव्हतं, आणि चिमटीत धरून ओढला तरी तो तुटत नव्हता, नुसता लांबत होता.

"ऱ्हाऊ दे रुद्रा, उसवंल," त्याची आई शांतम्मा म्हणाली. तिने सकाळी पूजेत त्या पदकालाही विभूती लावली होती. आता ते शिवरुद्रच्या छातीवर होतं, गणवेशाआड गळ्यात बांधलेल्या इष्टलिंगाच्या जरासं वर.

शाळेच्या पटांगणात अवघी परभणी लोटली होती. महायुद्ध संपलं होतं, थंडीचे दिवस होते. निजामाचे तालुकदारसाहेब उर्दूत बोलत होते, आणि त्यांच्या तोंडून 'बहादुरी' हा शब्द आला की टाळ्या पडत होत्या. बहादुरी… शिवरुद्रने त्या दिवशी एकही बाँब टाकला नव्हता. ब्रह्मदेशातल्या त्या टेकडीवर आपली पलटण वेढली गेली होती, आणि त्याने फक्त विमान खाली आणून घिरट्या घातल्या, पंखांना गोळ्यांची भोकं पडत असताना तो मागून येणाऱ्या विमानांना बिनतारीवर सांगत राहिला — ओढ्याच्या डावीकडे, बांबूंच्या मागे, त्या घरांवर. शत्रूच्या तोफा घरांच्या आडून चालत होत्या, हे त्याने पाहिलं होतं. तोफा दिसल्या होत्या, टेकडीवर आपल्या लोकांनी खुणेसाठी अंथरलेलं पांढरं कापड दिसलं होतं. माणूस — वरून माणूस दिसतच नाही. इतक्या दिवसांत त्याला ते बरंच वाटत आलं होतं.

"साहेब…" त्याच्या खुर्चीशेजारी एक बाई येऊन उभी होती, मागे खांदे पाडलेला एक तरुण. "मी धुरपता, पेडगावची. ह्यो माजा आश्रुबा. त्या टेकडीवर व्हता. तुमच्यामुळं घरी आला बगा."

आश्रुबाने शिवरुद्रचा हात दोन्ही हातांत घट्ट धरला. "तुमी लय खाली आलते, साहेब!" तो एवढ्या मोठ्याने बोलला की पुढच्या ओळीतली माणसं वळून बघू लागली. "आमी समदे हात हालवायलो व्हतो! तुमाला दिसलो का न्हाई?"

दिसलो का… ते हात किती वेळ हलत असतील, आणि आपण वरून नुसतं कापड बघत होतो. आणि घरांमधले? विमान इतकं खाली आलेलं पाहून तिथूनही कुणी…

"आश्रुबा," त्याने हलक्या आवाजात विचारलं, "ओढ्यापलीकडं, त्या घरांत… माणसं होती का?"

आश्रुबा त्याच्या ओठांकडे बघत राहिला. मग हसला. "व्हय, साहेब. व्हय, व्हय."

शिवरुद्रने आपला हात काढून घेतला.

"त्याला ऐकू येत न्हाई, बाबा," धुरपताबाई म्हणाली. "बाँबच्या आवाजानं कान गेले. कायबी इचारा, व्हयच म्हणतोय."

मांडवातून त्याच्या नावाचा पुकारा झाला. शांतम्मा डोळ्यांनी खुणावत होती — ऊठ, ऊठ. त्याला आश्रुबाला पुन्हा विचारायचं होतं, खुणेने, पाटीवर लिहून, कसंही… आणि विचारायचं नव्हतंही. टाळ्या सुरू झाल्या. तो उठून मांडवातल्या व्यासपीठावर चढला आणि त्याने समोर पाहिलं — शेकडो चेहरे, एकेक वेगळा, वर करून त्याच्याकडे बघणारे. आणि आता त्यांच्यावरून नजर काढून कुठे ठेवावी, हे त्याला कळेना.