तेओकाकांची नळी

उपग्रह पाऊस फुगवून दाखवतो, असं आमचे बानेगाससाहेब ठामपणे सांगतात. इतकी वर्षं मीही तेच म्हणत आले, म्हणून त्या दिवशी माझी जास्तच चिडचिड झाली. पडद्यावर उत्तरेचा सगळा डोंगर जांभळा झाला होता, म्हणजे तिथे आभाळ फाटलं होतं. आणि त्याच डोंगरावरून सकाळी सातला आलेला आकडा होता चौदा मिलिमीटर. एवढा पाऊस आमच्याकडे ऑगस्टातल्या कुठल्याही दुपारी पडतो आणि कोणी मान वर करून बघत नाही.

आमचं काम तसं रुक्ष. देशभरातून रोज पावसाचे आकडे घ्यायचे, धरणांची पातळी मांडायची, आणि दर दहा दिवसांनी सरकारला सांगायचं की दक्षिणेत मका हाती लागेल का, पश्चिमेची कॉफी गळेल का, लाल घेवडा बाहेरून आणावा लागेल का. राजधानीत, तेगुसिगाल्पात बसून आम्ही हे सांगतो, पण पाऊस मोजणारी माणसं गावोगावची, कोणी मास्तर, कोणी दुकानदार. त्यांच्यात सगळ्यात चोख होते तेओकाका, म्हणजे एल पालोमारचे तेओदोरो आमादोर. मी त्यांना कधी पाहिलं नाही. रोज सकाळी फोनवर आवाज, आधी आकडा आणि मग माझ्या गुडघ्यांची चौकशी. मागच्या आठवड्यात ते गेले. दुसऱ्याच सकाळी त्यांच्या मुलीचा, ओर्बेलिनाचा, फोन आला. रडून बसलेल्या आवाजात तिने आकडा सांगितला. तेव्हापासून तीच सांगत होती.

आता डोंगरावरची बाकीची केंद्रं मुकी झाली होती, कुठे टॉवर पडलेले, कुठे वीज गेलेली. उरलं एल पालोमार. आणि त्या डोंगराचं सगळं पाणी उतरतं एल सापोतालच्या धरणात, आणि धरणाच्या खाली सखल भागात ला वेगा नावाचं गाव आहे. तिथे माझी धाकटी बहीण दिग्ना राहते, म्हणून मला त्या दिवशी खुर्चीवर बसवेना.

धरण भरत आलं होतं. पहारेकऱ्याचा दर तासाला फोन येत होता आणि दर तासाला पाणी काठाच्या जवळ सरकत होतं. साहेबांचं म्हणणं, हे कालचं पाणी आहे. त्या दऱ्यांतून वळणं घेत यायला त्याला जवळजवळ एक दिवस लागतो. आज वर चौदाच पडला असेल, तर संध्याकाळी चढ थांबेल. हिशेब चुकीचा नव्हता. दारं आत्ता थोडी थोडी उघडली तर ला वेगाच्या शेतात गुडघाभर पाणी जाईल. माणसं चालत बाहेर पडतील, पण घेवडा जाईल. उपटून शेतातच वाळत घातलेला घेवडा, आणि ताटं मोडून वाळायला उभा ठेवलेला मका. दारं नाही उघडली आणि वरून खरंच पाणी आलं, तर धरण रात्री सगळं एकदम ओकेल आणि घरं माणसांसकट वाहून जातील.

गेल्या वर्षी साहेबांनी उपग्रहावर विश्वास ठेवून दारं उघडली होती. वादळ समुद्रातच विरलं आणि पीक फुकट बुडालं. ला वेगाच्या लोकांनी कुजलेल्या घेवड्याच्या जुड्या ट्रकमध्ये भरून आणल्या आणि आमच्या कार्यालयाच्या पायऱ्यांवर ओतल्या. त्यात दिग्नाही होती. मला पाहून तिने मान फिरवली नाही, उलट एक जुडी नीट माझ्या पायाशी ठेवली. तो वास कितीतरी दिवस गेला नाही. तेव्हापासून साहेबांनी ठरवलं, भांड्यात मोजलेला आकडा असेल तरच सही.

सकाळी मी दिग्नाला फोन केला होता. म्हटलं, ऊठ, पोरांना घे, शाळेच्या टेकडीवर जा. तर बाईसाहेब मलाच विचारतात, धरणाचा भोंगा वाजलाय का? नाही वाजला. मग गेल्या वर्षीसारखं येडं बनवू नकोस ताई, म्हणाली, भोंगा वाजला की बघते. आमच्या घराण्यातच हा हट्ट आहे, मला काही नवल वाटलं नाही. पण भोंगा साहेबांच्या सहीशिवाय वाजत नाही, आणि साहेबांची सही त्या चौदाला अडकली होती.

बाराच्या सुमारास मीच एल पालोमारला फोन लावला. ओर्बेलिनाने उचलला. तिच्या आवाजाआधी मला पत्र्यांचा आवाज आला. पत्र्यावर खडी ओतावी तसा, थांबतच नव्हता. मी विचारलं, कधीपासून कोसळतोय? ती म्हणाली, मावशी, काल दुपारपासून असाच आहे.

मग मी तिला एकेक गोष्ट विचारत गेले. भांडं उघड्यावर आहे ना? आहे, बाबांनी ठेवलं होतं तिथेच. वर झाडाची फांदी आलीय का? नाही. मोजपट्टी तीच आहे ना, लाकडाची? तीच. पट्टी आतल्या नळीत सरळ बुडवतेस ना?



"नळी तिथे नाहीये, मावशी," ती म्हणाली. "नळी वेदीवर आहे."

आमच्याकडे माणूस गेलं की नऊ दिवस घरात वेदी मांडतात, फुलं, मेणबत्त्या, आणि पाण्याचा एक ग्लास. आत्मा अजून घरातच असतो, त्याला तहान लागते. ग्लासातलं पाणी थोडं उतरलं की घरचे म्हणतात, प्यायला. माझ्या आईच्या वेळी आम्हीही म्हटलं होतं. तर या पोरीने ग्लासाऐवजी पाऊस मोजायची नळी ठेवली होती. बाबांचा हात रोज तिलाच लागायचा, म्हणाली, दुसऱ्या कशातून ते प्यायले नसते. आणि पाऊस काय, भांड्याच्या मोठ्या डब्यात पडतोच आहे, त्यातच ती पट्टी बुडवत होती.

आता हे समजायला इंजिनियर व्हावं लागत नाही. भांड्याचं तोंड रुंद असतं, आणि त्यात पडलेलं पाणी आतल्या बारीक नळीत जमतं. नळी अशी केलेली असते की पाणी तिच्यात दहापट उंच चढावं, म्हणजे डोळ्यांना बारीक फरक कळतो. पट्टीवरचे आकडे त्या नळीसाठीच कोरलेले. नळी काढली आणि तीच पट्टी रुंद डब्यात बुडवली, तर दिसतो तो खऱ्या पावसाचा दहावा हिस्सा.

चौदा नव्हे, एकशेचाळीस.

मी साहेबांच्या खोलीत दार न वाजवता शिरले. बानेगास काही वाईट माणूस नाही. त्यांनी ऐकून घेतलं, चष्मा काढला, डोळे चोळले. मग म्हणाले, देल्मिराबाई, रुंद डब्यात पट्टी जराशी तिरकी झाली की दोन-तीन मिलिमीटर सहज इकडे तिकडे होतात, आणि तुम्ही त्याला दहाने गुणणार. पोरगी दुःखात आहे. पत्र्याची धार डब्यात पडत नसेल कशावरून? मी म्हटलं, डबा पत्र्यापासून लांब आहे. ते म्हणाले, तुम्ही पाहिलाय?

मी पाहिला नव्हता.

"मला गुणाकार नको," ते म्हणाले. "डब्यातलं पाणी नळीत ओतून मोजायला सांगा. या क्षणी सही करतो."

त्यांचा इतका राग आला, आणि जास्त राग याचा की त्यांच्या जागी मीही हेच म्हटलं असतं.

ओर्बेलिनाला सांगितलं तर ती रडायलाच लागली. आज सहावा दिवस. नळी भरलेली आहे, ती रिकामी कशी करायची? आईला विचारते म्हणाली, आणि फोन तिच्या आईच्या हातात गेला. कासिमिराकाकू. या बाईशी मी कधी बोलले नव्हते. तेओकाका तिच्याबद्दल एवढंच सांगायचे की ती घरात असली की पाऊससुद्धा विचारून पडतो.

मी सगळं सांगितलं. नीट जमलं नाही. आकडे सांगून सांगून माझी जीभ अशी झालीय की शोक करणाऱ्या बाईशीही मी मिलिमीटरमध्येच बोलते. माझं संपल्यावर काकू म्हणाली, "तो अजून घरात आहे, बाई. आज सकाळीही पाणी उतरलं होतं. मी त्याच्या तोंडचं पाणी काढून घेऊ?"

मी म्हटलं, तेओकाका असते तर त्यांनी स्वतःच—

"त्याच्या वतीने तू बोलू नकोस. चाळीस वर्षं मी बोलतेय."

पाठीमागे पत्रे वाजत होते. साहेब दारात येऊन उभे राहिले होते. मग मिलिमीटर सोडून जे उरलं तेच बोलले. म्हटलं, काकू, धरणाच्या खाली माझी बहीण राहते. तिची तीन पोरं आहेत. भोंगा वाजल्याशिवाय ती हलणार नाही, आणि तुमच्याकडचं मोजमाप आल्याशिवाय भोंगा वाजणार नाही.

"नाव काय तिचं?"

"दिग्ना."

फोन कुठेतरी ठेवल्याचा आवाज झाला. मग बराच वेळ नुसता पाऊस. मग ओर्बेलिनाचा अगदी बारीक आवाज आला, देवळात बोलावं तसा. "आई वेदीपाशी गेलीय. नळी उचलली तिने." मग म्हणाली, "ओतलं नाही, मावशी. आई स्वतः पितेय. शेवटच्या थेंबापर्यंत पितेय."

मी साहेबांकडे पाहिलं नाही.

मग त्या दोघी पावसात गेल्या. ओर्बेलिनाने फोन प्लास्टिकच्या पिशवीत घालून गळ्यात अडकवला होता, त्यामुळे सगळं खरखरत ऐकू येत होतं. सातच्या मोजणीनंतर डबा तिने ओतून टाकला होता, म्हणजे आत जे होतं ते फक्त या सकाळचं. आई डबा वाकवत होती, मुलगी नळी धरत होती. नळी एकदा काठोकाठ भरली की पन्नास मिलिमीटर.

"एक भरली," ओर्बेलिना म्हणाली. "ओतून टाकते."

साहेब टेबलापाशी येऊन उभे राहिले. मी फोनच्या स्पीकरचं बटण दाबून आवाज मोठा केला.

"दुसरी भरली."

साहेबांनी खिशातून पेन काढलं.

"तिसरी… तिसरी अर्ध्याच्या वर गेली. डबा संपला."

एकशेतीसच्या आसपास, पाच तासांत, आणि पाऊस थांबलेला नव्हता. साहेबांनी आकडा लिहून होण्याआधीच धरणाला फोन लावला आणि उभ्या उभ्या हुकूम दिला. अर्धी दारं आत्ता, भोंगा आत्ता, बाकीची दारं गाव रिकामं झाल्यावर. गेल्या वर्षीच्या त्या पायऱ्या त्यांनाही आठवत असणार.

मी दिग्नाला फोन लावला. तीनदा लागला नाही, चौथ्यांदा लागला. मागे भोंगा ओरडत होता आणि ती माझ्यावर ओरडत होती. घेवडा अर्धा माळ्यावर गेलाय, अर्धा शेतात आहे, थोडा वेळ दे, दोन फेऱ्यांत होईल, तुझ्या त्या साहेबाला सांग. मी ओरडले नाही. माझ्या ताकदीबाहेर होतं ते. मी म्हटलं, दिग्ना, वर एका बाईने नवऱ्याच्या वेदीवरचं पाणी पिऊन नळी रिकामी केलीय, म्हणून हा भोंगा वाजलाय. सहावा दिवस आहे त्याचा.

माझ्या बहिणीचा नवरा जाऊन दोन वर्षं झालीत. तिनेही नऊ दिवस ग्लास भरला होता, आणि रोज सकाळी तो किती उतरला ते मला फोन करून सांगायची.

"बैल सोडते," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

पाणी संध्याकाळी आलं. पहारेकरी सांगत होता की अर्धी दारं आधी उघडली नसती तर ते काठावरून गेलं असतं. ला वेगाच्या शेतात माणसाच्या छातीइतकं पाणी उभं राहिलं. घेवडा गेला, मका गेला, दिग्नाच्या घराची एक भिंत गेली. या हंगामाच्या अंदाजात त्या खोऱ्यासमोर मी शून्य लिहिलं. शाळेच्या टेकडीवर गावाच्या म्हाताऱ्यांनी घराघरांनुसार माणसं मोजली, दोनदा मोजली. कोणी कमी भरलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला एल पालोमारचा फोन आला. ओर्बेलिनाने आकडा सांगितला, नळीत मोजलेला, आणि म्हणाली, आईला बोलायचंय.

"तुझी ती बहीण," कासिमिराकाकू म्हणाली. "निघाली का?"

"निघाली."

"पोरं?"

"तिन्ही. सगळा गाव निघाला, काकू."

तिकडे पाऊस ओसरला होता, कोंबडा आरवत होता.

"बरं झालं," ती म्हणाली. "रात्रभर विचारत होता."