गुरुवारचा तास

सुलक्षणाच्या पोटात दुखायला लागलं ते त्या काचेच्या खोलीवरून. विलायतेतल्या स्लाऊच्या औद्योगिक वसाहतीतली ही कंपनी हॉस्पिटलांना व्हीलचेअर आणि खाटा पुरवते, आणि तिथली डिस्पॅचची टीम सुलक्षणा सांभाळते. खोलीत मोडक्या खुर्च्या आणि बंद पडलेले प्रिंटर कोंबलेले असायचे. नव्या पोरांना शिकवायला ती खोली द्या म्हणून तिने साहेबांच्या मागे किती लागावं! ग्रॅहम, म्हणजे तिथले मुख्य, दर वेळी हसून म्हणायचे, "लव्हली आयडिया, सुलक्षणा." आणि खोलीत आणखी एक प्रिंटर येऊन पडायचा.

मग एचआरमध्ये आश्लेषा आली. आली कसली, सुलक्षणानेच आणली! मंडळाच्या गणपतीत ओळख झाली, "ताई, तुमच्याकडे जागा निघाली तर सांगा हं" असं गोड बोलली, आणि हिने मोठ्या मनाने शब्द टाकला. वर्ष सरायच्या आत त्या बाईने कोचिंगची, म्हणजे एकेकाला समोर बसवून बोलतं करण्याची, योजना मांडली, खोली रिकामी करून घेतली, भिंतींना रंग लावून घेतला, आणि वर अटी घातल्या. अटी, बरं का! सगळ्यांत आधी ग्रॅहमने स्वतः कोचिंग घ्यायचं, तेही सगळ्यांच्या देखत वेळ काढून. दर गुरुवारचा तास हा कामाचाच तास, लंचमधून कापायचा नाही. त्या वेळात माणसाचं काम कोण बघणार, ते मॅनेजरने ठरवायचं. आणि आत बोललेलं बाहेर येणार नाही, मॅनेजरच्या कानावरही नाही.

"नुसता कोच नेमून काही होत नाही," आश्लेषा मीटिंगमध्ये म्हणाली. "बाकीच्यांनी जागा करून दिली तरच ते टिकतं. टीममधून माणसं येतात का ते बघू, नाहीतर उन्हाळ्यानंतर बंद करू."

ग्रॅहम मान डोलावत होते. सुलक्षणाच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"आणि आजवर मी काय भजी तळत होते?" घरी आल्याआल्या तिने नवऱ्याला, राजीवला विचारलं. राजीवने ताटातून मान वर काढली नाही. शहाणा माणूस.

तसं तिचंही खोटं नव्हतं. शिकवत ती होतीच, कँटीनच्या कोपऱ्यातल्या टेबलावर, आपल्या डब्यातली पोळीभाजी पुढे सरकवत. त्यात दिया तिची खास. मैत्रिणीची मुलगी, इथेच जन्मलेली, स्वभावाने बुजरी. ऑफिसात सगळे एकमेकांना नावाने हाक मारतात, दिया मात्र हिला मावशीच म्हणते. मीटिंगमध्ये काय बोलायचं, चिडलेल्या गिऱ्हाइकाला काय लिहायचं, सगळं मावशी सांगायची आणि दिया तस्सं करायची.

आणि तीच दिया कोचिंगला नाव देऊन आली! टीम लीडरची जागा निघाली होती आणि तिला ती मनापासून हवी होती.

"मावशी, मी आश्लेषाशी बोलून बघते. चालेल ना?"

"न चालायला काय झालं?" सुलक्षणा म्हणाली. हसूनसुद्धा म्हणाली.

पहिल्या गुरुवारी नेमकी माणसं कमी पडली. पुढच्या गुरुवारी साउथहॅम्प्टन बंदरातून माल यायचा होता. "तू नसलीस तर लॉरी कोण उतरवून घेणार?" तिसऱ्या गुरुवारी कारण सुचेना, तेव्हा तिने सरळ सांगितलं, "उद्यावर इंटरव्ह्यू आलाय, तिथे कशाला वेळ घालवतेस? मी घेते तुझी तयारी." काचेपलीकडे आश्लेषा रिकाम्या खुर्चीसमोर एकटीच बसलेली दिसली, आणि सुलक्षणाला इतकं गार वाटलं म्हणून सांगू!

तयारी मात्र तिने जीव तोडून करून घेतली, त्यात खोट नाही. दहावीला पुण्यात क्लासच्या बाईंनी तिच्याकडून गाईडमधली उत्तरं घोकून घेतली होती, अगदी तशीच. दिया मधेच म्हणाली, "पण मावशी, मला असं वाटतं की..."

"तुला काय वाटतं ते नंतर. आधी मी सांगते ते पाठ कर."

जागा दियाला मिळाली नाही.

"त्या आश्लेषानेच खो घातला असणार!" सुलक्षणा कँटीनमध्ये कडाडली. "मी आत्ता जाऊन विचारते तिला."

"ती पॅनेलवर नव्हतीच, मावशी." दिया कपाकडे बघत बोलत होती. "मी तुझी सगळी उत्तरं दिली. काही विसरले नाही. मग ग्रॅहम हसला. म्हणाला, सुलक्षणा हेच बोलली असती. आता तू सांग, तुला काय वाटतं?"

"मग?"

"मग मी बाजूला बघितलं. तू कुठे बसलीस ते बघायला. आणि तू नव्हतीस." तिने डोळे पुसले. "त्या दिवशी लॉरी येणारच नव्हती ना? मी ड्रायव्हरला फोन केलेला."

ती रागावली असती तर सुलक्षणाने दोन शब्द ऐकवले तरी असते. दिया रागावली नव्हती. डबा तसाच झाकून सुलक्षणा उठली आणि काचेच्या खोलीच्या दारात जाऊन उभी राहिली.

"येत्या गुरुवारी दियाला पाठवते. तिचं काम मी बघेन."

आश्लेषाने लॅपटॉप मिटला. "ताई, हे सगळं ठरवताना मी आधी तुम्हाला विचारायला हवं होतं. इतकी वर्षं तुम्हीच शिकवत आलात."

"हो, हवंच होतं!" सुलक्षणा फणकारली. मग म्हणाली, "पण गुरुवार मी खाल्ले, ते मीच खाल्ले."

गुरुवारी ती दियाच्या खुर्चीत बसली. काचेपलीकडे दिया बोलत होती. आधी हळूहळू, मग हात उडवत, मधेच हसत. आश्लेषा काही सांगत नव्हती, नुसती ऐकत होती. एवढं सलग बोलताना सुलक्षणाने या पोरीला कधी पाहिलंच नव्हतं. काय एवढं बोलत असेल? माझ्याबद्दलच असणार! जीव असा जळत होता तिचा, की उठून काच ठोठावावी.

तेवढ्यात खालून फोन आला. साउथहॅम्प्टनची लॉरी दारात उभी होती. खरोखरची लॉरी! दियाला खाली पाठवा म्हणत होते.

सुलक्षणाने एकदा काचेकडे बघितलं.

"दिया कामात आहे," ती म्हणाली. खुर्चीवरचं दियाचं गोदामात घालायचं पिवळं जाकीट तिने अंगात चढवलं. पोटावर ते काही बंद होईना. तसंच उघडं ठेवून ती लॉरी उतरवून घ्यायला खाली गेली.