डोंगरासाठी वीस टक्के

तिसऱ्या वळणाच्या तोंडाशी ओदनीनं पाय उचलला, तरी गाडी मंदावली नाही. उतारानं तिला तशीच पुढं ओढली. कडेला रोवलेल्या बर्फखुणेच्या काठ्या भराभर मागं पडू लागल्या. शेजारी बसलेल्या तोर्गेरनं नकळत आपला उजवा पाय गाडीच्या तळाशी दाबला. त्याच्या बाजूला दाबण्यासारखं काहीच नव्हतं. मग आईचा पाय ब्रेकवर आला. चाकांच्या आत गंजलेलं लोखंड खरखरलं, गाडीला हिसका बसला आणि थर्मासच्या झाकणातली कॉफी त्याच्या पँटवर सांडली.

"आई!"

"पुसायला कागद आहे समोरच्या कप्प्यात."

वळण पार पडलं. ओदनी नेहमीसारखीच बसली होती, पाठ ताठ आणि दोन्ही हात चाकावर. टपालाची गाडी घेऊन एकतीस वर्षं ती ह्याच रस्त्यानं वर-खाली करत होती. तेव्हापासूनच ही बैठक.

"काय झालं होतं आत्ता?"

"काही नाही. आज गाडी जरा हलक्या पायाची झालीये."

तोर्गेर पँट पुसत राहिला. गाडीला हलका पाय कसा असेल, हा प्रश्न त्यानं ओठांवर आणला नाही. इथं बोलण्यात अर्थ नव्हता. दीड तासानं फ्योर्डच्या, डोंगरांमधल्या त्या खाडीच्या पलीकडे, डॉक्टर हेर्दिसच्या खोलीत, बोलायचंच होतं.

तीन आठवड्यांनी ओदनीला ऐंशी वर्षं पूर्ण होणार होती, आणि ऐंशीनंतर गाडी चालवायची तर डॉक्टरांचा दाखला लागतो. ब्रातलीसारख्या डोंगरावरच्या घरात दाखल्याशिवाय राहणं म्हणजे दिवसातून दोनदा येणाऱ्या शाळेच्या बसच्या मर्जीवर राहणं. तोर्गेरनं आणि त्याच्या बहिणीनं स्टाव्हांगरला दोन खोल्यांची एक जागा पाहून ठेवली होती. खाली दुकान, समोर समुद्र, रस्ता सगळा सपाट. आईला अजून सांगितलं नव्हतं. डॉक्टरांना मात्र त्यानं गेल्या आठवड्यात फोन केला होता: आई विसरू लागली आहे, आपण स्वतः येऊन बोलू.

विसरण्याचा पुरावा त्याच्याकडे होता. ऑक्टोबरात तो आला तेव्हा गोठ्याला लागून उभी असलेली गाडी ऐंशी टक्क्यांवर होती. केबल लावलेली, पण चार्जिंग थांबलेलं. काल संध्याकाळी पुन्हा तेच. "गाडी भरलीये ना?" असं त्यानं विचारलं होतं, तर आई मेंढ्यांना गवत टाकता टाकता म्हणाली होती, "भरलीये की." ऐंशीला भरलेली म्हणत होती ती. ती आत गेल्यावर त्यानं गाडीच्या पडद्यावर शंभरचा आकडा निवडला आणि सकाळी गाडी काठोकाठ भरलेली पाहून, निदान एक तरी गोष्ट आपण नीट केली, ह्या समाधानानं अंडी उकडली.

पाचव्या वळणावर पुन्हा तेच झालं. ह्या खेपेला मात्र ओदनीचा पाय आधीच ब्रेकवर होता. गाडी खरखरत, पण सावकाश वळली. सहाव्यावर तिनं ब्रेक दोनदा दाबून सोडला. सातव्यावर सरळ रस्त्यावरच वेग तोडून टाकला. ह्या वळणाला सगळे पाद्र्याचं वळण म्हणतात, कारण एका पाद्र्याची घसरगाडी तिथूनच खाली गेली होती. तोर्गेरनं दाराच्या वरची मूठ धरली.

"पाद्री वाचला होता," ओदनी म्हणाली.

"कोण?"

"पाद्री. बर्फात रुतून बसला. घोड्यालाही काही झालं नाही. तू असा धरून बसलायस म्हणून सांगितलं."

तो हसला नाही. नव्वदीतल्या एखाद्या माणसासारखी गाडी चालवतेय, त्याच्या मनात आलं; आणि लगेच दुसरा विचार, की इतका सतत ब्रेक तिनं आयुष्यात कधी वापरला नसेल. तिची गाडी जुनी होती, पण विजेचीच. पाय उचलला की चाकं आपसूक जड होतात, उतारावरचा जोर परत बॅटरीत जातो आणि ब्रेकला हातच लावावा लागत नाही. शहरात तो स्वतःही तसाच चालवी, एका पायावर. मग आज हे काय? हात-पाय ऐकत नाहीत, की डोक्यातून हुकूमच उशिरा निघतो? डॉक्टरांना ते शब्दांत कसं सांगायचं, ह्याची जुळवाजुळव करत तो उरलेली पाच वळणं उतरला.

धक्क्यावर सात गाड्या रांगेत होत्या. फेरी अजून फ्योर्डच्या मध्यावर होती. पिवळ्या जाकिटातला तिथला कामगार स्वेनुंग रांगेच्या कडेनं एकेक गाडी मोजत आला आणि ओदनीच्या खिडकीशी थबकला. मग नाक वर करून वाकला, पुढच्या चाकाकडे पाहिलं आणि काचेवर टकटक केली.

"मावशी, काय जाळत आणलंस?"

"तुझ्यासाठी लाकडं."

"थट्टा नाही, ब्रेक तापलेत. वास बघ केवढा. तुझ्या गाडीला ब्रेक आहेत हे मला आज कळतंय!" त्यानं खिडकीतून आत डोकावून पडद्याकडे पाहिलं, आणि त्याचा आवाज चढला. "शंभर? तू शंभर भरून उतरलीस? अगं, मग डोंगराला काय ठेवलंस?"

"आज जरा जास्त भरली गेली."

"जरा! वर सगळे ऐंशीला थांबतात, लेकरंसुद्धा सांगतील. ईस्टरला तो ओस्लोचा पाहुणा असाच शंभर घेऊन निघाला. भरल्या बॅटरीत काही शिरत नाही, म्हणजे पाय उचलून गाडी थांबेल कशी? पाद्र्याच्या वळणावर कठड्याला जाऊन भिडला. वर त्याचं म्हणणं, रस्ता निसरडा! कोरडा ठणठणीत रस्ता होता." मग त्याचं लक्ष पलीकडे गेलं. "अरे, तोर्गेर की काय? मोठा माणूस झालास. पोट तरी झालंय."

तोर्गेरनं मान हलवली. स्वेनुंग हसत पुढच्या गाडीकडे गेला.

थंड होणारं लोखंड टिकटिकत होतं. तोर्गेर पडद्यावरच्या आकड्याकडे पाहत होता. बारा वळणं उतरूनही तो शंभरच होता. त्याची स्वतःची गाडी नवी होती. बॅटरी भरलेली असली तर ब्रेक तीच लावून घेई, चालवणाऱ्याला पत्ताही लागू देत नसे. आणि त्याच्या शहरात उतार होता कुठं? इमारतीच्या तळघरातून वर येणारा तेवढा एक चढ.

"ऐंशीला तू मुद्दाम थांबवतेस," तो शेवटी म्हणाला.

"खाली पोचेपर्यंत ब्याऐंशी-त्र्याऐंशी होते. फुकटची वीज. का नको?"

"आणि आज कधी कळलं तुला?"

"दुसऱ्या वळणावर संशय आला. तिसऱ्यावर खात्री."

"मग बोलली का नाहीस? मीच केलं ते. काल संध्याकाळी, तू आत गेल्यावर."

"ते कळलं रे. मेंढ्यांनी तर केलं नसेल." ओदनीनं हातमोजे काढून मांडीवर ठेवले. "तुझा चेहरा पाहिला आणि म्हटलं, आधी खाली पोचू. वाद घालायला फेरीवर पंचवीस मिनिटं मिळतात."

पण फेरीवर त्यांनी वाद घातला नाही. वरच्या खोलीत खिडकीशी बसून लोणी-साखर लावलेली गरम स्वेले, जाड गोड धिरडी, खाल्ली. ओदनीनं आपल्यातली अर्धी त्याच्या बशीत सरकवली. तोर्गेरला बोलायचं होतं; तोंडात घास होता हे त्याला बरंच वाटलं.

डॉक्टर हेर्दिसनी ओदनीला चाळीस मिनिटं तपासलं आणि मग तोर्गेरला आत बोलावलं. टेबलावर एका कागदावर घड्याळ काढलेलं होतं, सगळे आकडे जागच्या जागी, काटे अकरा वाजून दहावर. ओदनी कोट घालूनच बसली होती.

"डोळे वयाच्या मानानं चांगले. हात-पाय, स्मरण, सगळं ठीक आहे," डॉक्टर म्हणाल्या. "तोर्गेर, तुम्हाला काही बोलायचं होतं."

आईची नजर आपल्याकडे वळल्याचं त्याला न पाहताच जाणवलं.

"मी गेल्या आठवड्यात फोन केला होता," तो आईकडे तोंड करून म्हणाला. "तुला न विचारता. तू गाडी पुरती भरायला विसरतेस, असं सांगितलं होतं." मग डॉक्टरांकडे वळून, "ते खरं नाही. ती विसरत नाही. ती जागा ठेवते. मी काल ती भरून टाकली, आणि आज गाडी तिसऱ्या वळणावर थांबेना, तेव्हाही मला वाटलं की हिचंच काहीतरी चुकतंय."

डॉक्टरांच्या भुवया वर गेल्या. त्यांचं माहेर ब्रातलीच्या वरच्या वाडीतलं होतं. "शंभर टक्क्यांवर? ब्रातलीहून खाली?"

"ती उतरली. मी नुसता बसलो होतो."

"नुसता नाही," ओदनी म्हणाली. "कॉफी सांडली."

डॉक्टर हसल्या आणि संगणकाकडे वळल्या. "मग माझ्याकडे हरकत घेण्यासारखं काही उरत नाही. तीन वर्षांचा दाखला देते."

"थांब, हेर्दिस."

ओदनीनं कोटाचं वरचं बटण काढलं. पुन्हा लावलं. फोनचं कळलं तेव्हाही तिच्या चेहऱ्यावर न दिसलेली एक ओढाताण आता तिथं दिसत होती.

"तू मला दिव्यावरची अक्षरं वाचायला लावलीस, ती मी वाचली. अंधारातली कुठं लावलीस?"

"अंधारात दिसत नाही का?"

"सप्टेंबरात गायनमंडळाच्या तालमीहून परतत होते. पाऊस होता. समोरून ट्रक आला आणि त्याचे दोन दिवे चार झाले. रस्त्याची कड गेली. गेली म्हणजे नाहीच. उजवीकडे पाणी आहे एवढं माहीत होतं, म्हणून ट्रक गेल्यावर डावीकडे धरून बस थांबते त्या कोपऱ्यात शिरले आणि थांबून राहिले. पाऊण तासानं दुधाचा टँकर आला, त्याच्या मागच्या लाल दिव्यांना धरून घरी गेले." तिनं डॉक्टरांकडे पाहिलं. "तेव्हापासून अंधार पडल्यावर चालवलेली नाही. फक्त दिवसा, असा दाखला देता येतो ना?"

"येतो," डॉक्टर म्हणाल्या. त्यांचा आवाज मऊ झाला होता. "डोळ्यांच्या डॉक्टरांकडेही पाठवते. मोतीबिंदू असेल तर निघतो."

तोर्गेरला आठवलं, गायनमंडळ सोडलं तेव्हा आई फोनवर म्हणाली होती की आवाज बसलाय.

"मला का नाही सांगितलंस?" बाहेर पायऱ्या उतरताना त्यानं विचारलं.

ओदनीनं कठडा धरला होता. एक पायरी, मग दुसरी.

"तुला एक कळलं असतं, तर तू सगळंच काढून घेतलं असतंस. जागा पाहिलीय ना तुम्ही दोघांनी? तुझ्या बहिणीला गुपित ठेवता येत नाही, लहानपणापासून." ती खालच्या पायरीवर पोचून थांबली. "आत तू हेर्दिसला दुसरं काही बोलला असतास, तर मीही गप्प राहिले असते. अगदी गप्प."

 तो तिच्याबरोबर दुकानात गेला, तिनं यीस्ट घेतलं, बर्फासाठीच्या खिळ्यांच्या टायरांबद्दल कुणाशी तरी दहा मिनिटं बोलली, मग टपाल कार्यालयात जाऊन तिच्या जागेवर आलेल्या मुलीची चौकशी केली. तोर्गेर पिशवी धरून मागं उभा राहिला. प्रत्येक जण तिला थांबवत होता, आणि ती प्रत्येकापाशी थांबत होती.

परतीच्या फेरीला साडेतीन वाजले. पाण्यावरचा उजेड राखाडी होऊ लागला होता आणि पलीकडच्या डोंगराची वरची अर्धी बाजू आधीच निळी पडली होती. चालकांनी गाड्यांत जावं, असं भोंग्यानं सांगितलं तशी दोघं लोखंडी जिन्यानं खाली उतरली. तोर्गेर सवयीनं गाडीच्या उजव्या, चालकाशेजारी बसणाऱ्याच्या दाराकडे वळला आणि पाहतो तो आई तिथंच येऊन उभी. दोघांचे हात एकाच दाराशी.

पुढच्या गाड्यांचे दिवे लागले. फेरीचं तोंड कुरकुरत खाली जाऊ लागलं.

"अजून उजेड आहे, आई," तो म्हणाला.

"कोण चालवणार ते ठरवा लवकर!" पुढून, धक्क्यावरून स्वेनुंग ओरडला. "मागं लोकांना जेवायला जायचंय!"

ओदनीनं दार उघडलं.

"वर पोचेपर्यंत नसेल," ती म्हणाली आणि आत बसली.