रंभाबाईच्या दाराला लागलेले कुलूप

मित्रांनो, मी एक जुने सागवानी दार आहे. लोक माझ्यावरून हात फिरवून "वा!" म्हणतात. खरे सांगते, मला त्या कौतुकाचा आता वीट आला आहे.

माझा जन्म मुळशीच्या धरणाखाली गेलेल्या एका गावातला. कुशाबा सुताराने मला घडवले, कडी-कोयंडा बसवला. पण कुलूप? ते कोणाच्या डोक्यातही आले नाही. दिवसा मी सताड उघडे असे. घरची माणसे शेतावर गेली तर कडी लागे, तीही कुत्री आत शिरू नयेत म्हणून.

धरणाचे पाणी चढू लागले तेव्हा घरधनी हैबतरावांनी मला उपटून बैलगाडीवर आडवे घातले. त्यांची बायको रंभाबाई तेव्हा नवी नवरी होती. देवांचे चांदीचे टाक तिने पदरात बांधून घेतले होते. वाटेतच तिन्हीसांज झाली. तिने गाडी थांबवायला लावली, माझ्यावरच टाक मांडले, पणती लावली आणि वाऱ्याला पदराचा आडोसा करून बसून राहिली. गाव बुडाले, पण देवापुढचा दिवा चुकला नाही.

पुढे वरच्या अंगाला नवे घर झाले, मला तिथे बसवले. तापाने फणफणलेली असली तरी रंभाबाई भिंत धरधरून देव्हाऱ्यापर्यंत जाई. एकही तिन्हीसांज तिने चुकू दिली नाही.

ज्या पाण्याने आमचे गाव गिळले, ते पुढे बघण्यासारखे झाले म्हणे! पुण्याची माणसे हवा खायला येऊ लागली. अठ्ठावन्न सालच्या मे महिन्यात एका वकीलसाहेबांनी आमचे घर महिनाभर भाड्याने मागितले. रंभाबाईचा मुलगा जयसिंग त्यांच्याच कचेरीत शिपाई होता. नाही कोणत्या तोंडाने म्हणायचे? घरची माणसे समोरच्या गोठ्यात राहायला गेली. रंभाबाईने एकच मागणे मागितले. बसवलेले देव हलवायचे नाहीत, म्हणून तिन्हीसांजेला तिला आत येऊन दिवा लावू द्यावा. "अवश्य, अवश्य," वकीलसाहेब म्हणाले.

पाहुण्यांची मोटार आली. वळकट्या, स्टोव्ह, फिरकीचे तांबे उतरले. रंभाबाईने उंबऱ्याशी उभे राहून पाहुण्यांवरून भाकरतुकडा ओवाळून टाकला. वकीलीणबाई माझ्याकडेच पाहत होत्या.

"अगंबाई, किती सुरेख जुनं दार! आणि कुलूप कुठंय ह्याचं?"

"कुलूप कशापायी वो बाई? हितं कोन येतंय?"

"तरीपण. आमचं सामान आहे ना."

कुलूप त्यांच्या पिशवीत होतेच. पुण्याहून निघतानाच घातले होते.

काही दिवस ठीक गेले. रंभाबाई पाय धुऊन येई, दिवा लावी, मुकाट्याने परत जाई. मग एके दिवशी पाहुणे दुपारीच धरण पाहायला गेले आणि जाताना मला कुलूप घालून गेले.

तिन्हीसांजेला रंभाबाई तेलवात घेऊन आली. तिने कडी ओढून पाहिली, पुन्हा ओढली. मग माझ्यावर तळवा टेकून उभी राहिली. मित्रांनो, त्या वेळी मला माझीच लाज वाटली.

हैबतराव गोठ्यातून आले. "फोडू का त्ये?"

"नगं. जयसिंगची नोकरी हाय तितं."

"मग हितंच उंबऱ्यावर लाव की दिवा."

"देव आत आन् मी भाईर. कुनाफुडं लावू?"

ती उंबऱ्यावर बसून राहिली. अंधार पडून गेल्यावर पाहुणे हसतखिदळत परतले. रंभाबाईला पाहून वकीलीणबाईंनी कपाळाला हात लावला.

"अय्या, विसरलेच की! पण एवढं काय त्यात? उद्या दोन लावा."

दुसऱ्या दिवशी सकाळी रंभाबाईने आपल्याच घराच्या दारात उभे राहून विचारले, "आत येऊ का?" देव्हाऱ्यातले टाक पदरात बांधले आणि ती गोठ्यात निघून गेली. पाणी चढले होते तेव्हा गेली होती, तशीच.

महिना संपला. वकीलीणबाई जाताना म्हणाल्या, "कुलूप राहू द्या तुम्हाला." मोठे मन! हैबतरावांनी ते दोन्ही हातांनी घेतले, कारण जयसिंग.

मोटार दिसेनाशी झाल्यावर ते बायकोला म्हणाले, "आता आन की देव घरात."

"न्हाई. त्या घराला कुलूप लागतंय. गोठ्याला दारच न्हाई, त्येच बरं."

आता दर मे महिन्यात मला तेल चोळतात. नवे पाहुणे येतात, हात फिरवतात. घर त्यांच्यासाठी झाडूनपुसून लख्ख असते. तिन्हीसांजेला समोर गोठ्यात दिवा लागतो तो मला इथून दिसतो. माझ्या मागे मात्र देव्हाऱ्याचा कोनाडा अंधारात असतो.

मित्रांनो, कोणाच्या घरी राहायला गेलात, तर दाराचे कौतुक करू नका. बाहेर पडताना कुलूप घालण्याआधी एवढेच विचारा, की आत कोणाचे काय राहिले आहे. ते मला सांगता येत नाही. किल्ली ज्याच्या हातात, त्याचेच मला ऐकावे लागते.