दुसरी सून

पानाच्या डाव्या खालच्या कोपऱ्यावरचा डाग जवाच्या दाण्याएवढा होता. बामगोलवालीने पान उलटलं. पुढच्या पानावर तो दोन दाण्यांएवढा झाला होता, त्याच्या पुढच्यावर बोराएवढा. थुंकी लावून पानं उलटणारी माणसं पहिल्या चाळीस पानांवर फारशी रेंगाळलेली दिसत नव्हती. नवऱ्याआधी जेवू नये, दात दिसतील असं हसू नये, पाणी ओतताना भांड्याचा आवाज होऊ देऊ नये, अशा पानांचे कोपरे जवळजवळ कोरेच होते. एक्केचाळिसाव्या पानाचा कोपरा मात्र तपकिरी, तेलकट आणि कांद्याच्या पातीसारखा मऊ पडला होता. तिने तो बोटाने उचलला नाही. कुंचल्याच्या मागच्या टोकाने उचलला.

पुस्तक मुलाकडचं होतं. सोलमे गावच्या भावी व्याह्यांनी घरच्या सुनांच्या शिकवणुकीसाठी ते स्वतः रचलं होतं. त्या घरची रीत अशी, की लग्न ठरलं की पुस्तक मुलीकडे पाठवायचं. आईने आणि मुलीने मिळून त्याची नक्कल करायची, शेवटची पानं मुलीने स्वतःच्या हाताने लिहायची, आणि ती नक्कल घेऊनच मुलीने सासरी पाऊल ठेवायचं. म्हणजे तिथे गेल्यावर ‘मला ठाऊक नव्हतं’ म्हणायला तोंड राहत नाही.

“थांबलीस का गं?”

खोलीच्या ऊबदार टोकाला, चुलीची धग जमिनीखालून जिथे आधी पोचते तिथे, सासूबाई बसल्या होत्या. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. पण कुंचला कागदावर चालतोय की नाही, हे त्यांना भिंतीकडे तोंड करूनही कळायचं.

“शाई घोटतेय, सासूबाई.”

“घोट. पण आधी ते वाच. मांडीचं.”

“काल वाचलं होतं.”

“काल जेवले म्हणून आज जेवू नको काय?”

बामगोलवालीने वाचायला घेतलं. या घरात येऊन तिला बावीस वर्षं झाली होती, तरी सगळे तिला माहेरच्या गावावरूनच हाक मारत. वाचताना ती आवाजाला चढउतार देत नसे. बाजाराची यादी वाचावी तसं वाचत असे.

“‘आमची थोरली सून सोह्वा. पती क्षयाने अंथरुणास खिळला असता तिने आपल्या मांडीचे मांस बोटभर कापून त्याचा रस्सा केला. पतीने दोन वाट्या घेतल्या व आज रस्सा फार चविष्ट झाला आहे असे म्हटले. सून हसली. तिचे दात दिसले नाहीत.’”

“आहाहा,” सासूबाई म्हणाल्या. “दात दिसले नाहीत. पुढे?”

“‘पती निवर्तल्यावर तिने अन्न सोडले. सोळाव्या दिवशी ती पतीमागे गेली. तिच्या पातिव्रत्याच्या सन्मानार्थ दारापुढे लाल कमान उभारण्याची परवानगी मिळावी, असा अर्ज जिल्ह्याच्या अधिकाऱ्यांकडे केलेला आहे.’”

“याला म्हणायचं सून. नाहीतर तू. तुझ्या सासऱ्यांच्या आजारपणात साधा कोंबडीचा रस्सा केलास, तोसुद्धा करपवून.”

बामगोलवालीच्या जिभेखाली पाणी सुटलं, ओकारीच्या आधी सुटतं तसं. तिने ते गिळलं. दोन वाट्या. बोटभर तुकड्याचा दोन वाट्या रस्सा पातळच होणार. त्याला चव यायची तर आलं पडलं असणार, पात पडली असणार. चुलीजवळ उभं राहून कोणीतरी तो पळीने चाखला असणार आणि म्हणालं असणार, मीठ थोडं कमी आहे. व्याह्यांनी हे काही लिहिलं नव्हतं. पण चवीचं लिहिलं होतं, म्हणजे चव त्यांनी विचारली होती.

ती उठून ओसरीवर गेली आणि मुगाच्या पिठाने हात धुऊन आली. सकाळपासून तिसऱ्यांदा.

वसंतात खारवलेला बांगडा विकणारी बाई अंदोंगच्या बाजारातून आली होती. दारात टोपली उतरवता उतरवता ती सहज बोलून गेली, की सोलमेच्या घरी हल्ली तोराजीची मुळं टोपल्यांनी जातात. तोराजी खोकल्यावर उकळतात. थोरला मुलगा जाऊन दोन वर्षं झाली होती. घरात खोकायला आता धाकटाच उरला होता, आणि धाकट्याच्याच जन्मवेळेचा कागद लाल-निळ्या रुमालात बांधून याच खोलीतल्या पेटीत ठेवलेला होता. तो स्वीकारला म्हणजे लग्न ठरलं. परत पाठवला तर मुलगी जन्मभर माहेरी. मग तिच्याकडे सोयरीक घेऊन कोणी फिरकत नाही.

बामगोलवालीने नवऱ्याला विचारलं होतं. सरकारी परीक्षेच्या अकराव्या खेपेची त्याची तयारी चालली होती. त्याने पोथीतून डोळे न काढता सांगितलं, “आईला विचार.” आणि आई म्हणाल्या, “माणसाला खोकला येणारच. भिंतीला येत नाही.”

त्याला आता त्रेचाळीस दिवस झाले होते. एक वाक्य तिने तयार करून ठेवलं होतं. सकाळी सासूबाईंचे केस विंचरताना ते ओठांपर्यंत यायचं, आणि फणी ठेवता ठेवता परत आत जायचं.

दुपारी सोयरीक जुळवणारी पोडूल म्हातारी नक्कल कुठवर आली ते बघायला आली. पायऱ्या चढतानाच तिचं तोंड सुरू झालं.

“मोठ्या बाई, तब्येत काय म्हणते? धाकट्या बाई, वाळलात हो! लेक चालली म्हणून जीव तुटतोय ना? माझी चौथी गेली तेव्हा मी तर नाचले.”

“बस, पोडूल,” सासूबाई म्हणाल्या. “सूनबाई, तिला खजुराच्या वड्या दे.”

म्हातारीने तांदळाच्या पिठातल्या दोन गोड वड्या एकदम तोंडात घातल्या आणि बोटं चाटली. बामगोलवालीने नजर दुसरीकडे वळवली.

“मुलाला खोकला आहे म्हणतात,” ती म्हणाली.

सासूबाईंची मान तिच्याकडे वळली.

“कोण म्हणतं? ती बांगडेवाली?” म्हातारी हसली. “अहो, ऋतू पालटला की कुत्रीसुद्धा खोकतात. आणि खरं सांगू? दोन अंगणं ओलांडून ऐकू येतो त्याचा खोकला. एवढा दम असलेली छाती आहे कुणाची?”

“रात्रीही ऐकू येतो?”

“सूनबाई,” सासूबाई म्हणाल्या. तेवढंच.

बामगोलवालीने मान खाली घातली. वाक्य पुन्हा आत गेलं.

“शेवटची पानं झाली का पोरीची?” सासूबाईंनी विचारलं. “आण म्हणावं. पोडूलसमोरच वाचून होऊ दे. तिथे जाऊन सांगेल तरी.”

युनरे मागच्या खोलीतून आली. सतरा वर्षांची, आईपेक्षा बोटभर उंच. अंगठ्याला शाई लागलेली, आणि गाल भट्टीजवळून उठून आल्यासारखे लाल. तिने कागद दोन्ही हातांनी आईपुढे ठेवले. वरच्या पानाची शाई अजून ओली होती.

“वाच,” सासूबाई म्हणाल्या.

बामगोलवालीने पहिलं पान वाचलं. सासऱ्यांच्या श्राद्धाला फळं कोणत्या क्रमाने मांडायची. दुसरं वाचलं. तिसऱ्या पानावर नुसता मथळा होता.

“‘आमची दुसरी सून,’” तिने वाचलं.

“हं. पुढे?”

“पुढे काही नाही, सासूबाई.”

“संपलं?”

“संपलं नाही. ओळी आखलेल्या आहेत. रिकाम्या.”

तिने मूळ पुस्तक ओढून घेतलं आणि शेवटचं पान काढलं. तिथेही तेच होतं. तोच मथळा आणि खाली ओळी. तिने एक्केचाळिसावं पान शेजारी धरलं आणि दोन्ही उजेडाकडे वळवली. दोन्हीकडची शाई सारखीच निळसर होती. ‘सून’ शब्दाशी कुंचल्याचा एक केस वेगळा होऊन बारीक रेघ उमटली होती, ती दोन्ही मथळ्यांत होती. थोरलीचं लिहून झाल्यावर कुंचला धुतलासुद्धा नव्हता. त्याच बैठकीत धाकटीची जागा आखून घेतली होती. धाकट्यासाठी मागणी घालायला माणूस निघाला, तो त्यानंतर दीड वर्षाने.

मग तिला दिसलं, की युनरेच्या नकलेत पहिली ओळ रिकामी नाही. रेघेच्या सुरुवातीला, अगदी बारीक अक्षरात, एक शब्द होता.

“हे काय लिहिलंस?”

“माझं नाव,” युनरे म्हणाली. “नुसतं घालून बघितलं, आई. कसं दिसतं ते. पाहिजे तर ते पान पुन्हा लिहीन.”

“का घातलंस?”

मुलीने आजीकडे पाहिलं, मग म्हातारीकडे. तिला लाज वाटत होती, पण ती आनंदाची.

“आपल्या वंशावळीत आपली नावं कुठे आहेत? दादाचं आहे. आत्याच्या जागी तिच्या यजमानांचं आहे. तुझं तर मलाच माहीत नव्हतं, मागच्या वर्षीपर्यंत. आणि सोह्वा वहिनींचं बघ ना, अख्खं लिहिलंय. गावात सगळे वाचतात म्हणे.” तिने बोट ओळींवरून फिरवलं, कागदाला न लावता. “जागा पुष्कळ आहे. अठरा ओळी. मी मोजल्या.”

बामगोलवालीने मुलीच्या बोटाकडे पाहिलं. पातळ, निमुळतं बोट होतं. बोटभर, असं पुस्तकात लिहिलं होतं. कुणाच्या बोटाएवढं, ते नव्हतं लिहिलं.

“किती म्हणाली ती?” सासूबाईंनी हळूच विचारलं.

“अठरा.”

“आणि थोरलीला किती होत्या?”

बामगोलवालीने मोजल्या. “अठरा.”

सासूबाईंचा हात गुडघा चोळत होता, तो थांबला. त्यांचे पांढरे पडलेले डोळे नातीचा आवाज आला होता त्या दिशेला, तिच्या जरा डावीकडे, लागून राहिले.

पोडूल म्हातारीने ताटलीतला शेवटचा तुकडा उचलला.

“बघा म्हणजे,” ती चावत चावत म्हणाली, “दोन सुनांत कणभर भेदभाव नाही. असं घर दिवा घेऊन शोधलं तरी सापडायचं नाही, मोठ्या बाई.”

बामगोलवालीने कुंचला शाईच्या दगडावर आडवा ठेवला. सासूबाई तिला अडवतील म्हणून ती क्षणभर थांबली. सासूबाईंनी अडवलं नाही.

“म्हातारे,” ती म्हणाली, “खाऊन झालं की ऊठ, आणि सोलमेला जाऊन सांग. माझी मुलगी मी त्या घरात देणार नाही.”