मी वाजलो तेव्हा टाळ्या पडल्या

मी एक जुना भोंगा आहे. माझा आवाज मोठा आहे, त्याला इलाज नाही; हळू बोलणं मला कधी जमलंच नाही. तेव्हा मित्रांनो, कानांवर हात ठेवायचे तर खुशाल ठेवा, पण माझी गोष्ट शेवटपर्यंत ऐका.

माझी उमेदीची वर्षं एका ट्रकवर गेली. ट्रक भंगारात निघाला, तेव्हा वारंगा फाट्यावरच्या खाजा मियांनी मला त्यांच्या दुरुस्तीच्या दुकानात आणलं. गंज खरवडला, आतला पडदा बदलला आणि बॅटरीला जोडून पाहिलं. मी असा काही ओरडलो की समोरच्या हॉटेलातल्या गिऱ्हाइकाचा चहा सांडला. खाजा मिया खूश! "अबी भी दम है इसमें," असं म्हणत त्यांनी मला आपल्या मुलाच्या, अबूबकरच्या हातात दिलं.

अबूबकर आणि जवळच्या डोंगरकडा गावची सपना कॉलेजात एका वर्गात होते. आता दोघंही घरी बसून पुण्याच्या कंपनीसाठी संगणकाचं काम करायचे. मला मात्र त्यांनी घेतलं होतं सपनाच्या आईसाठी.

सपनाच्या आई पद्माबाई शेतातल्या पत्र्याच्या शेडमध्ये रेशमाचे किडे पाळायच्या. किडे आपण म्हणायचं. त्या म्हणायच्या लेकरं. तुतीचा पाला टाकला की लेकरांचा खाण्याचा बारीक आवाज शेडभर चालायचा आणि त्या तो ऐकत उभ्या राहायच्या. उन्हाळ्यात शेड तापली तर किडे मरतात, म्हणून कूलर लावलेले होते. लाईन गेली की पद्माबाई गोणपाटं भिजवून खिडक्यांना बांधायच्या. त्यापायी बाई शेड सोडून कुठे म्हणून जात नव्हत्या. सख्ख्या बहिणीच्या घरचं लग्नसुद्धा त्यांनी चुकवलं.

सपनाला ते बघवेना. तिने आणि अबूबकरने शेडमध्ये उष्णता मोजणारी एक डबी बसवली. डबीला स्वतःची बॅटरी होती, सिमकार्ड होतं. नळाचं पाणी वाहावं तशी तिच्यातून माहिती सारखी माझ्यापर्यंत येत राहायची. आकडा चढला की मी जिथे असेन तिथे बोंब ठोकायची, हे माझं काम. एकदा मी वाजलो, पद्माबाई जेवणावरून उठून धावल्या आणि सगळी लेकरं वाचली. त्या दिवशी त्यांनी मला पदराने पुसलं. खरं सांगू? ट्रकवर मला नुसत्या शिव्याच मिळाल्या होत्या. मी अगदी फुशारून गेलो.

वसमतला आसपासच्या गावांतली संगणकवाली मंडळी अधूनमधून जमायची आणि एकमेकांना काम शिकवायची. एप्रिलातल्या सभेचा विषय होता, अशा वाहत्या माहितीवर लक्ष कसं ठेवायचं आणि तिचा भरवसा कसा धरायचा. सपना बोलणार होती, तीही पहिल्यांदाच.

"म्या येऊ का गं? तू मायकावर कशी बोलतीस ते बगू वाटून राहिलं," पद्माबाई म्हणाल्या आणि लगेच स्वतःच मागे सरल्या. "पर लेकरं कुणावर टाकू? आता कोष करायच्या घाईला आलीत."

"आई, म्हणून तर हे सगळं केलं नं! भोंगा आपल्यासंगं नेऊ. शेडात काही झालं की तितंच वाजंल. लगेच रूपाकाकूला फोन लावू, ती गोणपाटं भिजवंल."

शेजारच्या मळ्यातल्या रूपाबाईंनीही "जा वं बिनघोर," म्हटलं. पद्माबाई ठेवणीतलं लुगडं नेसल्या आणि मला पिशवीत घालून, मांडीवर घेऊन एसटीत बसल्या.

सभेत मला टेबलावर मांडलं. पद्माबाई पहिल्या रांगेत. सपना आधी अडखळली, मग मात्र छान बोलत गेली. शेवटी म्हणाली, "आता आम्ही शेडची खोटी उष्णता पाठवून दाखवतो. मग हा भोंगा..."

तिचं वाक्य पुरं व्हायच्या आत मी वाजलो.

काय टाळ्या पडल्या! पोरांनी शिट्ट्या मारल्या. सगळ्यांत जोरात टाळ्या पद्माबाई वाजवत होत्या आणि शेजारच्या बाईला सांगत होत्या, "माजी पोरगी हाय ती!" सपनाला वाटलं, लॅपटॉपवर बसलेल्या अबूबकरने खोटा आकडा पाठवला. अबूबकरला वाटलं, सपनाने मोबाइलवरून पाठवला. दोघं एकमेकांकडे बघून हसले. मी थांबेना, तेव्हा अबूबकरने माझी वायर काढली. "बराबर चालतो, बघितलं नं?" तो म्हणाला. पुन्हा टाळ्या.

मित्रांनो, कुणीच काही पाठवलं नव्हतं. डोंगरकड्याला शेतावरची लाईन गेली होती आणि कूलर बंद पडले होते.

पुढे चहा झाला, फोटो झाले. सपनाचा मोबाइल कौतुकाच्या निरोपांनी भरून गेला. आम्ही घरी पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. पद्माबाईंनी शेडचं दार उघडलं आणि त्या उंबऱ्यातच थांबल्या. आत काही म्हणजे काही आवाज नव्हता. पाला तसाच पडलेला, आणि त्यावर लेकरं मऊ, काळपट पडून गेलेली. त्यांनी एक उचलून तळहातावर घेतलं, हळूच फुंकर घातली. ते हललं नाही.

"काहून वाजला न्हाई गं ह्यो?"

सपनाने मोबाइलमध्ये डबीचे दुपारचे आकडे पाहिले. "वाजला व्हता, आई."

"कवा?"

"आपण टाळ्या वाजवल्या नं... तवा."

पद्माबाईंनी आपल्या दोन्ही हातांकडे बघितलं. त्या खाली बसल्या आणि मग अशा रडल्या की माझ्यासारख्या पत्र्याच्या भोंग्याचंही काळीज फाटलं. दुसऱ्या दिवशी अबूबकर आला. त्याला त्यांनी एका शब्दाने बोल लावला नाही, उलट चहा करून दिला.

आता शेडमध्ये नवी लेकरं आली आहेत. मी फळीवर पडून आहे, वायरी तुटलेल्या, तोंडात कोळ्याचं जाळं. मी पडून आहे याचं मला काही नाही. परवा सपनाला नांदेडच्या सभेचं बोलावणं आलं. आधी ती नकोच म्हणत होती. मग आईला म्हणाली, "तू येशील तर जाते."

पद्माबाई पाला टाकत राहिल्या. "तू जा, बाई. म्या हितंच बरी."

त्यानंतर सपनाही गेली नाही.

मित्रांनो, कुणी ओरडलं तर त्याचा आवाज किती चांगला, हे मागून ठरवा. आधी उठा, फोन लावा, काय झालं ते विचारा. टाळ्यांना कसली आलीय घाई!