चिंचेनं घासलेल्या शिवराया

महाराष्ट्र होऊन तीनेक वर्षं झाली असतील. चिखलीत दर महिन्याच्या पहिल्या रविवारी शंकरराव गुरुजींच्या ओसरीवर सतरंजी अंथरली जाई आणि जुनी नाणी जमवणारी दहा-बारा माणसं तिथं जमत. सगळे पुरुषच.

उंद्रीच्या सुभद्राबाईला त्या सतरंजीवर बसायचं होतं. निंदताना, कांदे काढताना शेतात सापडलेल्या सत्तावीस शिवराया, म्हणजे तांब्याची जुनी शिवराई नाणी, तिनं एका फडक्यात जपल्या होत्या. गावात त्यांना कोणी विचारत नव्हतं. एकेका नाण्याकडे घटकाभर बघत बसणारी माणसं चिखलीत आहेत, हे कळल्यापासून तिचा जीव तिकडे लागला होता. अखेर नवरा शालिग्राम म्हणाला, "चाल, मी अंगणात बसतो. तू दाखवून ये."

निघायच्या आदल्या दिवशी तिनं ती नाणी चिंच आणि राखेनं घासली. चारचौघांत न्यायची वस्तू मळकी कशी न्यायची?

ओसरीवर फडकं सुटलं. तांबं नुसतं लखलखत होतं.

"वहिनी, हे काय करून ठेवलं?" मंडळातल्या माणिकरावांनी कपाळाला हात लावला. "देवाचं ताम्हण आहे काय हे? दोनशे वर्षांचा रंग धुऊन टाकला. त्या रंगावरच तर जुनं नाणं पारखतात."

"बायाइले घासल्याबिगर चैन पडते का?" मागून कोणी तरी बोललं, आणि हसू पिकलं.

सुभद्राबाईची कानशिलं तापली. ती फडक्याला गाठ मारू लागली. अंगणातून शालिग्राम म्हणाला, "चाल वं, साडेचारची मोटार सापडते."

"थांबा थोडं," गुरुजी म्हणाले. ते आत गेले आणि तंबाखूची एक जुनी डबी घेऊन आले. डबी त्यांनी सतरंजीवर उपडी केली. आठ शिवराया, तशाच लखलखीत.

"ह्या माह्या हातच्या. लिंबानं घासल्या. तीस वर्षं झाली, कोणाले दाखवल्या नाहीत."

"गुरुजी, तुम्ही?" माणिकराव म्हणाले.

"हाव. अन् तू मांगच्या साली एक शिवराई तेजाबात बुडवली होती ते मले ठाऊक नाही काय?"

आता हसू माणिकरावांवर फिरलं. गुरुजींनी सुभद्राबाईच्या फडक्यातलं एक नाणं उचललं. "ही कुठं सापडली, बाई?"

"विहिरीच्या उगवतीले. लसणाच्या वाफ्यात."

"अन् ही?"

"नाल्याकाठी, जुन्या जोत्यापाशी. तिथं एकाच हातभर जागेत अकरा सापडल्या, गुरुजी."

तिनं सत्तावीसच्या सत्तावीस नाण्यांच्या जागा सांगितल्या. कुणी हसलं नाही. तिथल्या बहुतेकांनी आपली नाणी कासाराच्या मोडीतून वजनावर आणली होती. कोणतं नाणं कुठल्या मातीतून आलं, हे त्यांना कधीच कळणार नव्हतं. माणिकरावांनी खिशातला कागद काढला. "वहिनी, ते जोतं नाल्याच्या कोणत्या अंगाले?"

"पयले तिले बसू तर द्या," गुरुजी म्हणाले. "सरक."

माणिकराव सरकले. सुभद्राबाई पदर सावरून सतरंजीवर बसली.

पुढे कितीक वर्षं ती त्या मंडळात गेली. पण एवढ्या माणसांदेखत गुरुजींनी आपली झाकलेली चूक तिच्या चुकीशेजारी आणून ठेवली, त्याचं ऋण तिनं जन्मभर मानलं.

त्या दिवशी साडेचारची मोटार हुकली. शालिग्राम साडेसहापर्यंत अंगणात बसून राहिला, आणि एका शब्दानं कुरकुरला नाही.